जुन्या रायफलीचं मॅगझिन कसं वाचायचं

काचेआड ठेवलेल्या जुन्या रायफलीकडे पाहताना नजर आधी बॅरलवर जाते, मग दस्त्यावरच्या शिक्क्यांवर. रायफल कोणत्या काळातली आणि कोणत्या अडचणीतून घडलेली हे कळून घ्यायचं असेल, तर पाहायची जागा वेगळी आहे: चापाच्या पुढे, लाकडाच्या पोटाखाली आणि बोल्टच्या, म्हणजे काडतूस ढकलून बॅरलचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या वर. 1860 ते 1907 या काळात मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांचा साठा सोबत ठेवणाऱ्या रायफलींत झालेली जवळजवळ प्रत्येक सुधारणा या तीन जागी उघड दिसते. खालची पद्धत संग्रहालयात, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये किंवा परवानाधारक संग्रहात अशी रायफल ओळखण्यासाठी आहे.

रायफल प्रत्यक्ष हातात मिळणार असेल, तर संग्रहाच्या जबाबदार माणसाने ती तुमच्या डोळ्यांदेखत रिकामी करून दाखवल्यावरच घ्या. चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, आणि मॅगझिन दोन्ही पाहायला सांगा. नळीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं एकामागे एक आडवी रांगेत राहतात त्या प्रकारात, एखादं काडतूस गंजलेल्या स्प्रिंगपुढे वर्षानुवर्षं अडकून राहू शकतं आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. स्पेन्सरसारख्या रायफलीत तर ही नळी दस्त्याच्या आत असते. सोबत एवढंच असू द्या: बारीक टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, वही, आणि मिळालीच तर निष्क्रिय डमी काडतुसं, तीही जबाबदार माणसाने तपासलेली. खरं काडतूस यांत्रिकी तपासायला कधीही वापरू नये.

आता मॅगझिनसमोर उभं राहून चार प्रश्न विचारायचे. काडतुसं कुठून आत जातात? त्यांना पुढे किंवा वर कोण ढकलतं? एक काडतूस चेंबरकडे निघाल्यावर दुसऱ्याला कोण अडवतं? आणि शेवटचं संपल्यावर काय होतं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. एका वेळी एकच काडतूस पुढे पाठवायचं, हीच त्या काळातल्या कारागिरांची खरी डोकेदुखी होती आणि प्रत्येकाने तिच्यावर वेगळा तोडगा काढला.

नळीपासून सुरुवात करा

बॅरलखाली दुसरी नळी दिसली की ती रायफल बहुधा हेन्री-विंचेस्टर घराण्यातली असते, किंवा त्या कल्पनेची युरोपातली भावंडं. बेंजामिन टायलर हेन्री यांना 1860 च्या ऑक्टोबरात पेटंट मिळालं. त्यांच्या रायफलीच्या नळीला खालच्या बाजूने पूर्ण लांबीची उघडी खाच आहे आणि त्या खाचेतून एक लहानशी बोंडी बाहेर आलेली असते. ही बोंडी म्हणजे फॉलोअरचं, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर काडतुसांना मागे ढकलणाऱ्या तुकड्याचं टोक. भरताना बोंडी पुढे ओढून स्प्रिंग दाबायची, बॅरलच्या तोंडाजवळचा भाग बाजूला फिरवायचा आणि पुढून काडतुसं सोडायची.

या खाचेकडे नीट पाहा, कारण हेन्रीचे तीनही दोष तिथेच आहेत. उघड्या खाचेतून धूळ, वाळू आणि चिखल सरळ स्प्रिंगपर्यंत जातो. काडतुसं संपत जातात तशी बोंडी मागे सरकत येते आणि नेमकी बॅरल धरलेल्या हातावर येऊन अडते. हात उचलून पुन्हा धरला नाही, तर पुढचं काडतूस येतच नाही. तिसरं म्हणजे खाच मोकळी ठेवायची म्हणून पुढे लाकूड बसवता येत नाही, त्यामुळे तापलेलं लोखंड थेट हाताला लागतं.

1866 मध्ये नेल्सन किंग यांनी यावर उपाय केला. रिसीव्हरच्या, म्हणजे बॅरलमागच्या यंत्र सामावणाऱ्या सांगाड्याच्या उजव्या अंगाला स्प्रिंगचं छोटं दार बसवलं आणि काडतूस तिथून आत ढकलायची सोय केली. या एका बदलामुळे नळी चारही बाजूंनी बंद झाली, पुढे लाकूड आलं, आणि अर्धवट रिकामं मॅगझिन मध्येच भरता येऊ लागलं. विंचेस्टर 1866 ची ओळख हीच: पितळी रिसीव्हर, उजवीकडे दार, बॅरलखाली बंद नळी आणि लाकडी पकड. हेन्री आणि 1866 शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसल्या तर थोडा वेळ थांबा. एकाच यंत्राचा दोष आणि त्याचा इलाज इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतो.

लिव्हर खाली नेला की 1866 आणि 1873 या दोन्ही विंचेस्टरमध्ये पितळेचा एक ठोकळा लिफ्टसारखा उभा वर येतो. काडतूस त्याच्या पोकळीत बसलेलं असतं. इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विलक्षण साधं आहे: दुसऱ्या काडतुसाला पहिलं काडतूसच अडवतं. ठोकळ्याची पोकळी एका काडतुसाच्या लांबीइतकीच असते. काडतूस आखूड निघालं, तर नळीतल्या पुढच्याचं बूड पोकळीत शिरतं आणि ठोकळा वर उचलताच येत नाही. लांब निघालं, तर त्याचं नाक बाहेर राहून रिसीव्हरला अडतं. म्हणून या रायफली काडतुसाच्या लांबीबाबत अतिशय हट्टी आहेत. ठोकळ्याच्या पुढच्या कडेवर जुने ओरखडे किंवा बारीक दबके दिसले, तर चुकीच्या लांबीची काडतुसं वापरून लिव्हरवर जोर केलेला असण्याची शक्यता धरा.

स्पेन्सरचं पेटंटही 1860 चंच, मार्च महिन्यातलं. नळी दस्त्यात, सात काडतुसांची, दस्त्याच्या मागच्या टोकातून ओढून काढायची. ओळखताना एक गोष्ट लक्षात ठेवा: लिव्हरने फक्त काडतूस बदलतं, घोडा दर वेळी अंगठ्याने वेगळा चढवावा लागतो. भरणं संथ होतं, म्हणून ब्लेकस्ली पेटीत आधीच भरून ठेवलेल्या पातळ नळ्या बरोबर नेत. एकेका नळीत सात काडतुसं, ती थेट दस्त्यात ओतायची. आधी भरून ठेवलेला साठा एका झटक्यात आत घालायचा, हा पुढच्या क्लिपमागचा विचार इथे कच्च्या रूपात दिसतो.

नळीचा मोठा प्रश्न मात्र सुटला नाही. काडतुसं रांगेत असतात, म्हणजे एकाच्या गोळीचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असतं. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत असल्याने हे निभावून जात होतं. सेंटरफायर काडतूस आलं आणि ते नाक थेट प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या मध्यावरच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर येऊन बसलं. त्यामुळे या रायफलींसाठी सपाट नाकाच्या गोळ्या आल्या. फ्रान्सने 1886 मध्ये धूररहित दारूची पहिली लष्करी रायफल, लेबेल, आणली तीही नळीचीच, आणि 1898 मध्ये तिच्यासाठी टोकदार गोळी आणली. मग टोक प्रायमरवर येऊ नये म्हणून काडतुसाच्या बुडावर प्रायमरभोवती गोल खोबण कोरली. लेबेलचं रिकामं काडतूस दिसलं तर ते उलटं करून बूड पाहा. ती खोबण बोटाच्या नखालाही लागते. रायफलीचा दोष काडतुसात दुरुस्त केल्याचा हा पुरावा आहे.

लेबेलच्या नळीत आठ काडतुसं, उचलणाऱ्या पाळण्यावर एक आणि चेंबरमध्ये एक अशी दहा बसत. आकडा मोठा दिसतो, पण सगळी एकेक करून भरायची. शिवाय नळी रिकामी होत जाते तसा रायफलीचा तोल पुढून मागे सरकतो.

पेटी आणि कट-ऑफ

जेम्स पॅरिस ली यांनी 1879 च्या नोव्हेंबरात पेटंट घेतलं आणि काडतुसं आडव्या रांगेतून काढून बोल्टखाली एकावर एक रचली. पत्र्याची पेटी, तळाशी स्प्रिंग, वर फॉलोअर, आणि पेटीच्या वरच्या कडा आत वळवलेल्या. या वळवलेल्या ओठांवरच सगळं अवलंबून आहे. स्प्रिंगच्या दाबाखालचं वरचं काडतूस ते धरून ठेवतात, आणि बोल्टने मागून ढकललं की नेमक्या जागी सोडतात. ओठ जरासा उघडला तर काडतूस लवकर सुटून नाक वर करतं. आत दबला तर सुटतच नाही. पत्रा पातळ असल्याने पेटी एकदा जमिनीवर आपटली तरी एवढा फरक पडायला पुरे. म्हणून पेटी पाहताना दोन्ही ओठांतलं अंतर पुढे आणि मागे मोजा, आणि डावा-उजवा ओठ एकाच उंचीला आहे का ते बाजूने टॉर्च धरून पाहा.

ब्रिटनने लीची पेटी घेऊन 1888 मध्ये ली-मेटफर्ड स्वीकारली. तिच्यावर काळ वाचायला सोपी खूण आहे: पहिल्या प्रकारात आठ काडतुसांची एकेरी रांग, 1892 च्या मार्क 2 मध्ये दहा काडतुसांची नागमोडी रचना. नागमोडी पेटी रुंद आणि त्या मानाने उथळ दिसते. आणखी एक गमतीची गोष्ट, सुरुवातीच्या रायफलींवर ही काढता येणारी पेटी बारीक साखळीच्या कडीने रायफलीलाच बांधलेली असे. आज आपल्याला वाटतं की पेटी निघते म्हणजे भरलेली दुसरी लावण्यासाठीच. तेव्हा ती साफसफाईसाठी निघत असे, आणि हरवू नये म्हणून बांधलेली असे. चापाच्या पुढे साखळीचं छोटं कडं, किंवा ते काढल्याची खूण सापडली, तर ती जुन्या विचाराची साक्ष आहे.

त्याच विचाराची दुसरी साक्ष म्हणजे कट-ऑफ. रिसीव्हरच्या उजव्या अंगाला आडवी सरकणारी पट्टी, जी आत ढकलली की मॅगझिनचं तोंड झाकलं जातं. शिपायाने एरवी एकेक काडतूस हाताने घालून चालवावं आणि मॅगझिन अडचणीच्या वेळेसाठी राखावं, असा लष्करी अधिकाऱ्यांचा आग्रह होता. ली-मेटफर्ड, क्रॅग, लेबेल, अमेरिकी स्प्रिंगफील्ड 1903 या सगळ्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात कट-ऑफ आहे. स्प्रिंगफील्डवर तो डावीकडे असतो आणि त्यावर ऑन-ऑफ अशी अक्षरं कोरलेली असतात. ब्रिटिश रायफलीवर पट्टी नसेल तर घाईने ‘भाग हरवला’ असं लिहू नका: 1916 पासूनच्या आखूड ली-एनफिल्ड मार्क 3 स्टारमधून कट-ऑफ वगळला होता, आणि काही नगांत रिसीव्हरची खाच राहिली, पट्टी मात्र बसवलीच नाही.

क्लिप: पोटाला भोक आहे की माथ्यावर खाच

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट क्लिप म्हणतात.

मानलिखरच्या पद्धतीत काडतुसं क्लिपसकट मॅगझिनमध्ये जातात. क्लिपच मॅगझिनचे ओठ बनते. रायफलीच्या पेटीला स्वतःचे ओठ नसतात. खालून एक हात काडतुसांना वर रेटतो, आणि शेवटचं काडतूस चेंबरमध्ये गेलं की रिकामी क्लिप खालच्या भोकातून पडते. ऑस्ट्रियाची 1886 ची रायफल आणि जर्मनीची 1888 ची, जिला कमिशन रायफल म्हणतात, या दोन्ही अशा. ओळखायचं कसं? रायफल उलटी करून पोटाकडे पाहा. चापाच्या पुढे मॅगझिनच्या तळाला उघडं भोक असेल तर मानलिखर पद्धत.

माउझरच्या पद्धतीत क्लिप वर राहते. रिसीव्हरच्या मागच्या पुलावर दोन उभ्या खाचा असतात. त्यांत पत्र्याची पट्टी टेकवून अंगठ्याने पाच काडतुसं खाली दाबायची आणि पट्टी टाकून द्यायची. बेल्जियमच्या 1889 च्या माउझरमध्ये ही सोय आहे. म्हणजे माथ्यावर खाच, पोट बंद.

मानलिखरमध्ये भरणं जास्त चपळ आहे, यात शंका नाही. पण तिच्या अडचणी वापरात दिसल्या. क्लिप संपली की ती रायफल एकेरी भरायची होते. अर्धवट वापरलेल्या क्लिपमध्ये वरून काडतूस टाकता येत नाही. तळाच्या भोकातून चिखल आत शिरतो. ऑस्ट्रियाची क्लिप एकाच बाजूने बसते. उलटी घातली की अडते, आणि अंधारात तर हमखास. जर्मन क्लिप दोन्ही बाजूंनी सारखी केली होती, इटलीच्या 1891 च्या कार्कानोची सहा काडतुसांची क्लिपही तशीच. माउझरच्या पट्टीत यातली एकही अडचण नाही: पट्टी हरवली तरी मॅगझिन चालतं, आणि एक-दोन काडतुसं हातानेही वर टाकता येतात. आमच्या मते पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल वेगापेक्षा या लवचिकपणाने लागला.

हा निकाल एकाच रायफलीवर कोरलेला पाहायचा असेल तर बदल केलेली जर्मन 88/05 शोधा. पोटाचं भोक पत्र्याने झाकलेलं असतं आणि माथ्यावर पट्टीसाठी नवे खांब बसवलेले असतात. मूळ मानलिखर पद्धतीवर माउझर पद्धत चढवलेली. कॅटलॉगमध्ये अशी रायफल नुसती ‘1888’ म्हणून लागलेली असते, म्हणून पोट आणि माथा दोन्हींचे फोटो मागा.

ब्रिटिश रायफलींवरही माथा पाहावा. आखूड ली-एनफिल्डच्या मार्क 1 वर चार्जरचा, म्हणजे वरून काडतुसं भरायच्या पट्टीचा एक खांब रिसीव्हरवर, तर दुसरा बोल्टच्या डोक्यावर सरकणारा असे. दोन्ही खांब एका रेषेत आल्याशिवाय चार्जर बसत नसे. 1907 च्या मार्क 3 मध्ये रिसीव्हरवरून आरपार जाणारा एकसंध पूल आला. दुरून पाहिलं तरी तो ओळखू येतो.

रिमचा त्रास

काडतुसाच्या बुडाची कड बाहेर आलेली असली, तर तिला रिम म्हणतात. नळीच्या काळात रिम उपयोगी होती. पेटीत ती अडचण झाली. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली, की वरचं पुढे ढकलताना खालच्यालाही सोबत ओढतं आणि दोन्ही अडकतात. डमी काडतुसांनी हे टेबलावरच समजून घेता येतं: एकावर एक दोन ठेवा, वरच्याची रिम खालच्याच्या मागे ठेवा, आणि वरचं पुढे ढकला. लगेच थटतं. आता वरच्याची रिम खालच्याच्या पुढे ठेवून तसंच करा. विनासायास सरकतं.

ब्रिटिश .303 काडतुसाच्या पाचाच्या चार्जरमध्ये म्हणूनच काडतुसं एकाआड एक खाली-वर लावतात: पहिलं, तिसरं, पाचवं खाली आणि दुसरं, चौथं वर. अशी रांग दोन्हीकडून सारखीच दिसते, त्यामुळे चार्जर कोणत्याही बाजूने घातला तरी चालतो. संग्रहात .303 चा जुना चार्जर दिसला आणि त्यात काडतुसं सरळ लावलेली असली, तर ती नंतर कुणीतरी नुसती सजावटीसाठी भरलेली आहेत असं समजा.

रशियाने 1891 च्या मोसिनमध्ये दुसरा मार्ग घेतला. काडतूस रिमचंच ठेवलं, आणि रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत एक लहान स्प्रिंगदार पातं बसवलं. वरचं एक काडतूस पात्याच्या वर मोकळं राहतं, बाकी सगळी पात्याखाली दाबलेली. त्यामुळे बोल्टसमोर एका वेळी एकच काडतूस येतं. सुरुवातीला हेच पातं रिकामं काडतूस बाहेर फेकण्याचं कामही करत असे. पुढे 91/30 प्रकारात ते दोन भागांत विभागलं, म्हणजे पातळ टोक तुटलं तर अख्खा भाग बदलावा लागू नये. बोल्ट मागे नेऊन डाव्या भिंतीवर टॉर्च टाका, पातं एका तुकड्याचं की दोन तुकड्यांचं ते दिसतं.

लाकडात मावलेली पेटी

1893 च्या स्पॅनिश माउझरचं पोट सपाट आहे. पाच काडतुसं असूनही बाहेर काहीच आलेलं नाही. हे कसं जमलं याचा हिशोब एका ओळीचा आहे. 7×57 काडतुसाचं बूड सुमारे 12 मिलिमीटर. पाच काडतुसं सरळ एकावर एक रचली तर 60 मिलिमीटर उंची लागते. तीच डावी-उजवी अशी नागमोडी, एकमेकांना टेकून त्रिकोणात बसवली, तर पहिल्यानंतरचं प्रत्येक काडतूस फक्त 6 मिलिमीटर उंची वाढवतं: 12 अधिक चार वेळा 6, म्हणजे 36. रुंदी मात्र सुमारे 22 मिलिमीटर होते. 24 मिलिमीटर उंची वाचली आणि पेटी लाकडाच्या आत गेली. रिम नसलेल्या काडतुसामुळे ही रचना आणखी निर्धोक झाली.

फॉलोअर वरून पाहा. त्याच्या एका बाजूला लांब उंचवटा असतो. तळाचं काडतूस दुसऱ्या बाजूला बसावं म्हणून. फॉलोअर कुणी उलटा बसवला असेल तर नागमोड बिघडते. काही माउझरमध्ये फॉलोअरची मागची कड चौकोनी ठेवली आहे: मॅगझिन रिकामं झालं की ती वर येते आणि बोल्ट पुढे जाऊ देत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर हे. ज्या नगांत ही कड घासून तिरपी केलेली दिसते, तिथे नंतरच्या मालकाने बोल्ट रिकाम्या मॅगझिनवर बंद व्हावा म्हणून ती घासलेली असते.

बोल्टच्या उजव्या अंगाचा लांब, न फिरणारा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस मागे ओढणारा आकडाही याच काळातला, 1892 च्या सुमाराचा. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याच्या बुडाची खाच या आकड्यात शिरते. त्याआधीच्या रायफलींत बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला, तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच राही आणि पुढच्या फेरीला दुसरं येऊन त्याच्या बुडावर आदळे. गडबडीत हे सहज घडत असे. आकडा आल्यावर काडतूस बोल्टसोबतच मागे येतं.

वाट वेगळी घेतलेल्या रायफली

क्रॅग-यॉर्गेनसेनमध्ये काडतुसं उजवीकडच्या दारातून सुटी टाकतात, ती बोल्टखालून वळसा घेऊन डावीकडून वर येतात. डेन्मार्कने ती 1889 मध्ये घेतली, अमेरिकेने 1892 मध्ये, नॉर्वेने 1894 मध्ये. दार पुढच्या बाजूला उघडत असेल तर डॅनिश. खाली पडत असेल तर अमेरिकी किंवा नॉर्वेजियन. बोल्ट बंद असतानाही भरता येणं ही तिची मोठी सोय, पट्टीने एकदम भरता न येणं हा दोष. 1898 च्या युद्धात अमेरिकेची गाठ स्पेनच्या माउझरशी पडली आणि त्यानंतर स्प्रिंगफील्ड 1903 आली, पट्टीसकट. तिच्यातल्या माउझरच्या कल्पनांसाठी अमेरिकेने माउझरला रॉयल्टी दिली.

इव्हान्स रायफल दिसली तर दस्ता पाहा: त्यात आर्किमिडीजच्या स्क्रूसारखं फिरतं मॅगझिन आहे, 34 काडतुसांचं, नंतरच्या प्रकारात 28. स्विस श्मिट-रुबिन 1889 ला बारा काडतुसांची लांब पेटी आहे आणि तिचा सहाचा चार्जर पुठ्ठ्याचा, पत्र्याच्या कडांचा आहे.

नोंद करताना भागांचे क्रमांक एकाखाली एक लिहा: रिसीव्हर, बोल्ट, फॉलोअर, तळपट्टी, पेटी. अनेक लष्करांनी लहान भागांवरही क्रमांक मारले आहेत. फॉलोअर आणि पेटी हे सर्वांत जास्त बदलले जाणारे भाग, म्हणून त्यांच्यावरून काळ ठरवण्याआधी रिसीव्हरवरच्या कापांकडे पाहा. माथ्याची खाच, कट-ऑफची खाच आणि पोटाचं भोक या गोष्टी लोखंडात कापलेल्या आहेत. नंतर कुणी बदलल्याच, तर ताज्या कापाची कड, वेगळा रंग किंवा रिव्हेटची डोकी टॉर्च तिरपा धरल्यावर दिसतात.